कांद्याच्या मुळांची साक्ष : बडोद्याच्या उद्योग-इतिहासातलं एक राहून गेलेलं पान

बडोद्याच्या उद्योगांचा इतिहास सांगायला बसलं की आपण कलाभवनापासून सुरुवात करतो. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे रंगाईच्या शिक्षणाचा पाया घातला, १९०७ मध्ये अलेम्बिक उभं राहिलं. पुढे १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली; मग खतं आली, पेट्रोकेमिकल्स आली, नंदेसरीची वसाहत आली. काय बनलं, कोणी बनवलं, हे आपण हौसेने लिहितो. कारखान्यांतून बाहेर पडलेल्या पाण्याचा विषय मात्र बाजूलाच राहतो.

खरं तर त्या पाण्याची मोठी खूण आपल्या डोळ्यांसमोर आहे. धनोऱ्याहून निघून पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून सारोदजवळ महीच्या मुखाशी पोचणारा, सुमारे ५५ किलोमीटरचा सांडपाण्याचा कालवा १९८३ साली सुरू झाला.

असं पाणी तपासायचं म्हणजे सामू, बीओडी, सीओडी आणि ठरावीक धातू मोजायचे, ही रूढ रीत. ती हवीच. पण प्रयोगशाळा जेवढं विचारलं तेवढंच सांगते. सांडपाण्यात अनेक द्रव्यं एकत्र असतात. ती मिळून जिवंत पेशीचं काय करतात, हे विचारायला साक्षीदारही जिवंतच लागतो. असा एक स्वस्त साक्षीदार म्हणजे आपला बाजारातला कांदा!

ही पद्धत मूळची स्वीडनची. आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिन या द्रव्याचा कांद्याच्या मुळांवरचा परिणाम प्रसिद्ध केला. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ साली टियो यांच्यासोबत लुंडहून जगाला सांगणारे लेव्हान ते हेच. त्याच लुंडच्या गेरिड फिस्केश्यो यांनी १९८५ साली कांद्याची चाचणी पर्यावरणाच्या देखरेखीसाठी प्रमाण म्हणून मांडली. कांदाच का? तर त्याची गुणसूत्रं फक्त १६ आणि चांगली मोठी. साध्या सूक्ष्मदर्शकातही स्पष्ट दिसतात. शिवाय मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन सतत चालू असतं.

कृती सोपी आहे. सारख्या आकाराचे कांदे घ्यायचे, बुडाची वाळकी साल खरवडायची आणि बूड पाण्याला टेकेल असे परीक्षानळ्यांवर बसवायचे. काही नळ्यांत स्वच्छ पाणी, काहींत कमीजास्त पातळ केलेलं सांडपाणी. काही दिवसांनी मुळांची लांबी मोजायची. मग टोकं कापून, रंग देऊन, काचपट्टीवर दाबून बघायची. किती पेशी विभागताहेत, गुणसूत्रं तुटली आहेत का, दोन टोकांमध्ये पूल राहिलाय का, मुख्य केंद्रकाबाहेर एखादं सूक्ष्मकेंद्रक सुटलंय का, हे सगळं मोजायचं.

गंमत म्हणजे ही दोन उत्तरं नेहमी जुळत नाहीत. मूळ खुंटलं तर पाणी विषारी आहे हे कोणालाही दिसतं. पण कधी मूळ बऱ्यापैकी वाढतं आणि आत गुणसूत्रं मोडलेली असतात. वरून हिरवीगार दिसणाऱ्या शेतालगतच्या पाण्याबद्दल हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अर्थात कांदा म्हणजे माणूस नव्हे, आणि दोष कुठल्या द्रव्याचा हेही तो सांगत नाही. तो धोक्याची घंटा वाजवतो; शोध पुढे रसायनतज्ज्ञांनी घ्यायचा.

इतिहासाच्या दृष्टीने मोठी अडचण वेगळीच आहे. मूळ ज्या पाण्यात वाढलं, त्याच पाण्याची साक्ष देतं. १९७० चं किंवा १९९० चं पाणी आज नळीत भरता येणार नाही. तेव्हा कोणी तपासून नोंद केली असेल, तर तीच आपली बखर.

म्हणून मंडळींना एक विनंती. कांद्याच्या मुळाची काचपट्टी हा वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकातला नेहमीचा धडा. तुमच्या घरी, माळ्यावर, एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटात सांडपाण्यावर वाढवलेल्या मुळांची जुनी प्रयोगवही किंवा एमएस्सीचा प्रबंध असेल, तर तो रद्दीत घालू नका. पाणी कुठलं, कधी घेतलं आणि किती पेशी मोजल्या, एवढ्या तीन गोष्टी त्यात असल्या तरी तो कागद दरबारी कागदांइतकाच जपण्यासारखा आहे.