फियाटच ती!

लालबागचे मामा शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणायचे. मी कॉलेजात असताना एकदा शहाणपणा केला, "मामा, कागदावर प्रीमियर पद्मिनी लिहिलंय." तर म्हणाले, "अरे, लग्नात नाव बदललं तरी माहेरचे जुन्याच नावाने हाक मारतात ना?"

आणि हिची नावं तरी किती! वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९५४ पासून तिथे फियाट ११००. त्या जुन्या गोलमटोल गाड्यांना आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणत (प्रेमानेच हं). मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट. यांची पुढची दारं उलटी उघडायची. साठच्या दशकात डिलाइट आली, दारं सरळ झाली आणि गाडी जणू तिथेच थांबली. इटलीत हे मॉडेल १९६६ साली बंद झालं. इथे मात्र तेच आधी प्रेसिडेंट झालं, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावाने पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. परवान्यांचा जमाना, गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलं. बदलायची गरज कुणाला होती? १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा कळलं.

पण ही गाडी बदलली नाही म्हणूनच मामांचं घर चाललं, असं मला वाटतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. मामांचं खातं जे बंद झालं ते झालंच. चाळीतल्या एकाने त्यांना गाडी शिकवली आणि ते दुसऱ्याची टॅक्सी रात्रपाळीला चालवू लागले. स्टिअरिंगजवळचा गिअर, बाहेर डाव्या अंगाला मीटर. बिघाड झाला तर कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक हिला ओळखायचा. पुढे त्यांनी स्वतःची घेतली, जुनीच.

एक गोष्ट घरात कधी बोललो नाही. दादरला कॉलेजात होतो तेव्हा मामा कधीकधी सोडायला यायचे. मित्र बघतील म्हणून एकदा मी त्यांना अलीकडच्या नाक्यावरच थांबायला सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मी न सांगताच त्यांनी गाडी त्याच नाक्यावर उभी केली.

असो. २००१ च्या सुमारास पद्मिनी बनायची थांबली. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही काळी-पिवळी पद्मिनी उरली नाही. तोवर मामाही गेले होते. त्यांची गाडी तर खूप आधीच भंगारात गेली. देताना त्यांनी गिअरची मूठ तेवढी काढून घेतली होती, ती ताईकडे आहे.

ताई, हे वाचत असलीस तर तिचा एक फोटो पाठव ना.