हाकोसुकाच्या पोटातले दुसरे इंजिन #थ्रेड

घरच्या गॅरेजमध्ये शेवटच्या बोल्टपर्यंत सुटी करून पुन्हा उभी केलेली, पण पोटात दुसऱ्याच गाडीचे इंजिन असलेली १९७० च्या सुमाराची निस्सान स्कायलाइन ‘अस्सल’ मानावी का? जुन्या जपानी गाड्यांच्या शौकिनांत हा वाद कधी मिटत नाही. तो केवळ शौकिनांचा नाही. साधन अस्सल कशाला म्हणावे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही पडतोच. येथे ताम्रपटाच्या जागी पत्रा आहे, एवढेच.

आधी गाडीची ओळख. १९६८ साली बाजारात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या स्कायलाइनला जपानमध्ये लाडाने ‘हाकोसुका’ म्हणतात. हाको म्हणजे खोके. सुका हा स्कायलाइनच्या जपानी उच्चाराचा पहिला तुकडा. गाडी खरोखरच खोक्यासारखी चौकोनी आहे.

तथापि कथा सुरू होते त्याच्या चार वर्षे आधी, आणि तीही निस्सानमध्ये नव्हे. स्कायलाइन मूळची प्रिन्स मोटर कंपनीची. युद्धापूर्वी विमाने बनवणाऱ्या कारखान्यांतील अभियंत्यांनी ही कंपनी घडवली होती. १९६३ च्या पहिल्या जपान ग्रां प्रीमध्ये तिच्या गाड्यांची कामगिरी निराशाजनक ठरली. मग शिनइचिरो साकुराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले, ते आजही एखादा हौशी मिस्त्री आपल्या अंगणात करील. चार सिलिंडरच्या स्कायलाइनचे नाक कापून २०० मिलिमीटरने लांबवले आणि त्यात थोरल्या ग्लोरिया गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले! शर्यतीच्या नियमानुसार अशा १०० गाड्या बांधणे आवश्यक होते; त्या बांधल्या गेल्या.

मे १९६४, सुझुका. समोर पोर्शे ९०४ ही शर्यतीसाठीच जन्मलेली गाडी. तेत्सु इकुझावा यांची स्कायलाइन एका फेरीपुरती तिच्या पुढे गेली. शर्यत पोर्शेनेच जिंकली, पण दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व क्रमांक स्कायलाइनने पटकावले. स्कायलाइनची दंतकथा जन्मली ती त्या एका फेरीत. म्हणजे जिच्या ‘मूळ शुद्धते’साठी आज वाद घातले जातात, त्या परंपरेचा आरंभच इंजिनाच्या अदलाबदलीत आहे.

पुढे १९६६ मध्ये प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली. हाकोसुका ही प्रिन्सच्याच माणसांची निर्मिती, पण १९६८ च्या अखेरीस आलेल्या २०००जीटी या सहा सिलिंडरच्या प्रकारात निस्सानचे एल२० इंजिन बसवले गेले. अंग एका घराण्याचे, हृदय दुसऱ्या. हाही एक प्रकारे कारखान्यातलाच बदल. फक्त त्यावर कंपनीचा शिक्का होता.

१९६९ च्या फेब्रुवारीत जीटी-आर आली. तिचे एस२० इंजिन प्रिन्सच्या आर३८० या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनावरून घडवलेले होते : १,९८९ सीसी, दोन कॅमशाफ्ट, २४ व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, १६० अश्वशक्ती. १९७२ पर्यंत या गाडीने ५० शर्यती जिंकल्या. कारखान्यातून मात्र जेमतेम दोन हजार जीटी-आर बाहेर पडल्या. चाहते लाखो आणि गाड्या दोन हजार. तेव्हा साध्या २०००जीटीला जीटी-आरचा वेश चढवण्याचा उद्योग सुरू झाला नसता तरच नवल.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. साध्या हाकोसुकाच्या बाजूच्या पत्र्यावरून मागच्या चाकाच्या वर एक घडी वाहत जाते. तिला ‘सर्फ लाइन’ म्हणतात. जीटी-आरला रुंद चाके बसावीत म्हणून मागच्या चाकाची कमान मोठी कापलेली असे आणि ही रेघ तेथे तुटे. दोन दारांच्या जीटी-आरवर तर त्या जागी बोल्टने बसवलेले काळे ओव्हरफेंडरही होते. साहजिकच नकलेची पहिली पायरी ठरली ती सर्फ लाइन कापणे. असंख्य मालकांनी ती कापली. परिणाम असा, की रेघ अखंड असलेली साधी २०००जीटी आज शौकिनांना पूर्वी कधी नव्हे इतकी मोलाची वाटते.

आता गॅरेजमध्ये येऊ. एस२० चे सुटे भाग दुर्मीळ आणि महाग. मूळचे एल२० तुलनेने मवाळ. त्यामुळे घरी काम करणाऱ्यांची पसंती राहिली ती एल२८ ला. फेअरलेडी झेड, सेड्रिक अशा गाड्यांत आलेले हे त्याच कुळातले थोरले भावंड. एल२० चा सिलिंडर ७८ मिलिमीटर व्यासाचा, एल२८ चा ८६. पण बाहेरचा आकार आणि बसण्याची जागा इतकी जुळती, की फार काही न कापता ते त्याच खोबणीत बसते. जोडीला फेअरलेडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स. त्याहून पुढे गेलेल्यांनी एलडी२८ या डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट काढून आणला, सिलिंडर ८९ मिलिमीटरपर्यंत बोअर केले आणि ३.१ लिटरचे इंजिन उभे केले. भंगारातल्या टॅक्सीछाप डिझेलची कण्यासारखी वस्तू शर्यतीच्या इंजिनात! कल्पकतेचा असा नमुना कारखान्याच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

मग या बदलांची नोंद कागदोपत्री का आढळत नाही? कारण करव्यवस्था. जपानमध्ये दोन हजार सीसीपर्यंतची गाडी ‘पाच क्रमांका’च्या पाटीची आणि त्यावरची ‘तीन क्रमांका’ची. १९८९ पर्यंत या दोहोंच्या वार्षिक करात दुपटीहून अधिक अंतर होते. शिवाय रस्त्यावरच्या गाडीतील बदलांविषयीचे नियम कडक होते. ते बऱ्याच अंशी सैल झाले १९९५ मध्ये. तेव्हा कागद एल२० म्हणतो आणि बॉनेट उघडावे तर एल२८ समोर येते, हे दृश्य या गाड्यांत अपवादाचे नाही. नोंदवही म्हणते तेच खरे, असे मानणाऱ्या अभ्यासकाने एकदा असे बॉनेट उघडून पाहावे.

लोखंड मात्र सहसा खोटे बोलत नाही. एल२८ च्या ब्लॉकवर ओतीव अक्षरे असतात : एन४२ हा सत्तरच्या दशकातला, एफ५४ त्यानंतरचा. गाडी १९७१ ची आणि ब्लॉक एफ५४ चा असेल, तर बदल केव्हाच्या आधी झालेला नाही हे सांगायला दुसरा पुरावा लागत नाही. नाण्यांच्या साहाय्याने थराचा काळ ठरवणारे पुरातत्त्वज्ञ हेच करतात. रंग खरवडताना एकाखाली एक निघणारे थर, पुट्टीखाली दडलेली कापलेली कमान, ओव्हरफेंडरची बुजवलेली भोके हे सारे त्या गाडीचे दफ्तरच होय. म्हणूनच सुज्ञ माणूस खरवडण्याआधी छायाचित्र काढतो आणि प्रत्येक बोल्टची पिशवी चिठ्ठी लावून ठेवतो.

या वादात कोणीतरी इसेच्या देवस्थानाचा दाखला देतोच : दर वीस वर्षांनी नवे बांधतात, तरी देवस्थान तेच. दाखला आकर्षक आहे, पण लागू पडत नाही. इसेला तीच पद्धत, तोच आराखडा आणि त्याच जातीचे लाकूड वापरले जाते. शेजारच्या देवळाचे खांब आणून कोणी बसवत नाही.

त्यापेक्षा जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, संमत केलेली ट्युरिन सनद अधिक उपयोगी. वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती घडली आहे. जपणूक आधी, पुनर्बांधणी नंतर. गाडीच्या प्रत्यक्ष आयुष्यात झालेले बदल हाही तिचा इतिहास. आणि नव्याने बसवलेला भाग ओळखू यावा. या कसोटीवर १९८० च्या सुमारास कोणी बसवलेले एल२८ काढून फेकणे हीच खरी नासधूस ठरेल. मात्र आज अखंड सर्फ लाइनवर करवत चालवून खोटी जीटी-आर उभी करणे सर्वस्वी वेगळे. इंजिन परत काढता येते, कापलेली रेघ परत उगवत नाही.

निस्सानने २०१७ पासून जुन्या गाड्यांचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले, पण सुरुवात केली ती १९८९ च्या आर३२ जीटी-आरपासून. हाकोसुकाच्या मालकाला अजूनही बराचसा आधार आहे तो भंगाराचा आणि स्वतःच्या वेल्डिंगचा. काम पूर्ण झाल्यावर मूळ एल२० तेल लावून, ताडपत्रीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवायचे, आणि गाडी रचनाबदलाच्या तपासणीला न्यायची. तेथे नव्या इंजिनाची सीसी अधिकृतपणे नोंदवली जाते, पाटी पाचाची तीन होते, आणि १३ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीचा वाढीव कर वर भरावा लागतो.