शंकेलाही घर हवं

‘तुम्ही नमाज पढता का?’ आणि ‘तुम्ही हमीद दलवाईंना मानता का?’ हे दोन प्रश्न मला गेली तीस वर्षं विचारले जातात. पहिला बहुधा पुरोगामी मित्र विचारतात, दुसरा मोहल्ल्यातली मंडळी. पहिल्याला ‘हो’ म्हटलं की मित्र जरा गप्प होतात. दुसऱ्याला ‘हो’ म्हटलं की समोरच्याचा चहा अर्धाच राहतो. मी दोन्हींना ‘हो’ म्हणतो, म्हणून दोन्हीकडच्यांना मी थोडा संशयास्पद वाटतो. श्रद्धा या बाजूला आणि शंका त्या बाजूला, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. ही वाटणी इतिहासाला कितपत धरून आहे, ते आज पाहू या.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. पैगंबरांच्या गोष्टी ती आम्हाला दखनीत सांगायची. त्यातली एक हजरत इब्राहिमांची. ती कुराणातल्या सूरह बकरामध्ये येते. इब्राहिम अल्लाहला विनवतात, मेलेल्यांना तू पुन्हा जिवंत कसं करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असं त्यांना विचारलं जातं. विश्वास आहे, पण मनाचं समाधान व्हावं म्हणून विचारतो, असं ते सांगतात. मग त्यांना चार पक्ष्यांचा दाखला मिळतो. लहानपणी मला त्या गोष्टीतले पक्षी आवडायचे. मोठेपणी लक्षात आलं की, विचारलं म्हणून इब्राहिमांना कुणी घराबाहेर काढलं नाही. प्रश्न विचारूनही ते पैगंबरच राहिले.

अकराव्या शतकात बगदादच्या निजामिया मदरशात इमाम गजाली शिकवत होते. इस्लामी जगातलं ते फार मानाचं पद. आपल्या आत्मकथनात त्यांनी लिहून ठेवलं आहे की, एके काळी त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा आणि बुद्धीवरचाही विश्वास उडाला होता. स्वप्नात जे दिसतं ते स्वप्न चालू असेपर्यंत खरंच वाटतं. मग जागेपणी दिसतं तेही तसंच नसेल कशावरून? हा आजार सुमारे दोन महिने टिकला, असं ते सांगतात. पुढे १०९५ मध्ये ते पद सोडून निघाले आणि कित्येक वर्षं साधकासारखे हिंडले. गजाली काही उदारमतवादी नव्हते. तत्त्वज्ञांवर त्यांनी कडक टीका केली, त्यांच्या तीन मतांना तर कुफ्र ठरवलं. पण असा माणूसही आपली शंका लपवत नाही, आणि आजही मदरशांतून त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं.

आता आपल्या मातीत येऊ. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ हा मराठी ग्रंथ पूर्ण केला. गुरू चांद बोधले. आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा सांगते. म्हणजे नाथ आणि शेख महंमद यांचं घराणं एकच. शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ म्हणवतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो, मुसलमान. मी त्यांना वाचायला लागलो तेव्हा भक्तीच्या ओव्या मिळतील अशी अपेक्षा होती. त्या मिळाल्याच, पण त्याबरोबर ढोंगी गुरूंवरचे कोरडे मिळाले, नवसासाठी पशुबळी देणाऱ्यांची कानउघाडणी मिळाली. देवावर अपार श्रद्धा आणि देवाच्या नावानं चाललेल्या व्यवहारावर पक्का संशय, दोन्ही एकाच लेखणीतून उतरलेलं. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. वाटतं ते आपल्याला.

शेख महंमद आणि दलवाई यांच्यामध्ये एक मोठा पूल आहे. तो म्हणजे महात्मा फुले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. जोतीराव नास्तिक होते, असं पुष्कळांना वाटतं. ते तसे नव्हते. जग निर्माण करणाऱ्याला ते ‘निर्मिक’ म्हणत. त्यांचं भांडण होतं ते निर्मिक आणि माणूस यांच्या मध्ये उभं राहून पैसे उकळणाऱ्यांशी. मुहम्मद पैगंबरांवरही त्यांनी गौरवपर कविता लिहिली आहे. ‘सत्यशोधक’ हा शब्द मराठीत आला तो अशा एका श्रद्धावंत संशयी माणसाकडून.

तोच शब्द हमीद दलवाईंनी उचलला. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ मध्ये जन्मलेला हा कथालेखक. ‘लाट’ आणि ‘इंधन’ ही पुस्तकं लिहिणारा. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावं, ही मागणी. मोर्चात स्त्रिया किती? सात. त्यांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाही होत्या. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई ईश्वर मानत नसत. आपल्यावर धार्मिक विधी होऊ नयेत, ही त्यांची इच्छा होती. ३ मे १९७७ रोजी ते गेले, तेव्हा पंचेचाळिशीही गाठली नव्हती.

त्यांच्यावर दोन्हीकडून अन्याय झाला, असं मला वाटतं. आपल्या लोकांनी त्यांना शत्रू ठरवलं. आणि मुसलमानांवर टीका ऐकायला ज्यांना गोड वाटायची, त्यांनी त्यांचं निम्मंच भाषण ऐकलं. हिंदू जातीयवादावरही ते तितकंच परखड बोलत, ते यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. घरातल्या माणसानं घरासाठी केलेली टीका शेजाऱ्यानं काठी म्हणून वापरली की घरातले लोक दारं-खिडक्या लावून घेतात. मग आतल्या प्रश्नांचाही श्वास कोंडतो.

दलवाईंचे सहकारी सय्यदभाई या कामात आले ते बहिणीला मिळालेल्या तलाकामुळे. कुठलं तत्त्वज्ञान वाचून नव्हे. बहीण दारात परत आली आणि भावाच्या मनात प्रश्न उभा राहिला. बहुतेक शंका अशाच जन्मतात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२२ मध्ये ते गेले. त्याआधी एक दिवस त्यांना पाहायला मिळाला: २२ ऑगस्ट २०१७. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. सात स्त्रियांच्या त्या मोर्चाला तेव्हा ५१ वर्षं झाली होती.

हा निकाल नीट पाहण्यासारखा आहे. पाच न्यायमूर्ती होते आणि निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. बहुमतातल्या तिघांचं कारण मात्र एक नव्हतं. न्यायमूर्ती नरिमन आणि लळित यांनी राज्यघटनेतल्या समतेच्या आधारे ही प्रथा मनमानी ठरवली. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ दुसऱ्या वाटेनं गेले: कुराणालाच ही प्रथा मान्य नाही, मग ती शरियतचा भाग कशी असेल? नुसत्या घटनेच्या वाटेनं दोनच मतं होती. नुसत्या धर्मग्रंथाच्या वाटेनं एकच. दोन्ही मिळाल्या तेव्हा तीन झाली. न्यायालयात गेलेल्या स्त्रियांच्या संघटनांतही घटना आणि कुराण दोन्ही हातांत धरून बोलणाऱ्या होत्या. हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जाण्याचा हक्क ज्या स्त्रियांनी मागितला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून मिळवला, त्यांनाही श्रद्धेनंच तिथं जायचं होतं. शंका व्यवस्थेबद्दल होती, पिराबद्दल नव्हती.

हे सगळं आज का सांगायचं? कारण जागा आक्रसत चालली आहे. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून मारलं. देवाधर्माशी आपलं भांडण नाही, शोषणाशी आहे, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. ज्या शेख महंमदांनी दोन्ही धर्मांच्या खुणांपलीकडे पाहिलं, त्यांच्याच श्रीगोंद्यातलं स्थान मंदिर की दर्गा, यावरून अलीकडे वाद पेटला. हे वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ‘योगसंग्राम’ उघडून पाहिला असेल?

मी स्वतः नमाज पढतो. कधी सजद्यात कपाळ टेकल्यावर आत काहीतरी हलतं, कधी काहीच होत नाही. चटईची वीण तेवढी कपाळावर उमटते. काहीच न होण्याच्या दिवसांनीही मला घडवलं आहे. सगळं कळलं असं वाटणाऱ्या माणसाला कविता लिहिण्याची गरज पडत नसावी. आणि ज्याला काहीच पवित्र वाटत नाही, त्याला शंका घेण्याचे कष्ट तरी कशाला?

मागच्या वर्षी आमच्याच तालुक्यातली एक मुलगी कविता दाखवायला घरी आली. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. रोजे ठेवणारी. वारसा आणि वाटणी यावरची तिची एक कविता चांगलीच धारदार होती. जाताना तिनं विचारलं, ‘चाचा, ही दुसऱ्या नावानं छापली तर चालेल का?’ मी तिला घाईनं धीर दिला नाही. नाव तिचं, घर तिचं, धोकाही तिचाच. तिला शौर्य शिकवायला मला काय जातं? पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. शेख महंमदांनी पावणेचारशे वर्षांपूर्वी आपलं नाव आणि आपलं ‘अविंध’पण उघड लिहून प्रश्न विचारले. या मुलीला ते नाव लपवावंसं वाटतं. तिच्या वडिलांना, मशिदीतल्या बुजुर्गांना, आणि तिची कविता हाती लागली तर टाळ्या पिटायला टपलेल्या बाहेरच्यांनाही माझी एवढीच विनंती आहे की, तिला आधी पूर्ण ऐका. ती घर सोडून निघालेली नाही. ती घरातच बसून विचारते आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)