नुसता ‘बाप’ नसलेली भाषा

टोरांटोहून उत्तरेला दोनेक तास गाडी चालवली की जॉर्जियन बेच्या काठी मिडलंड हे गाव लागते. गावाजवळ लाकडी कुंपणातले ‘सेंट-मेरी अमंग द ह्युरन्स’ पुन्हा उभारलेले आहे. ओंटारिओत राहत असाल तर मुलांच्या शाळेच्या सहलीमुळे तुम्हाला ते माहीत असेल. १६३९ साली फ्रेंच जेझुइट मिशनऱ्यांनी ही वस्ती वसवली आणि १६४९ साली, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, स्वतःच जाळली. त्या ठिकाणचा इतिहास बहुधा लढाया आणि हौतात्म्य यांच्याभोवती सांगितला जातो. मला तुम्हाला त्यातली एक व्याकरणाची अडचण सांगायची आहे, कारण प्रार्थना म्हणजे काय हे तिच्यातून फार स्वच्छ दिसते.

जाँ द ब्रेबफ हा जेझुइट वेंडाट लोकांमध्ये (फ्रेंच त्यांना ह्युरॉन म्हणत) राहून त्यांची भाषा शिकला. १६३६ च्या अहवालात त्याने वरिष्ठांना एक पेच कळवला. वेंडाट भाषेत नात्याचा शब्द एकटा उभा राहत नाही. ‘माझा बाप’, ‘तुझा बाप’, ‘त्याचा बाप’ असे म्हणता येते. नुसते ‘बाप’ म्हणता येत नाही. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने क्रूसाची खूण कशी करायची? बाप कुणाचा, पुत्र कुणाचा, हे सांगितल्याशिवाय वाक्यच पुरे होईना. ब्रेबफने परवानगी मागितली की याहून चांगला शब्दप्रयोग सापडेपर्यंत पित्याला ‘आमचा’, पुत्राला ‘त्याचा’ आणि आत्म्याला ‘त्यांचा’ म्हणू द्यावे.

लॅटिनमध्ये हे सूत्र एखादा सिद्धांत सांगावा तसे म्हणता येते. म्हणणारा बाहेर उभा राहू शकतो. वेंडाटमध्ये तोंड उघडताच म्हणणारा त्या कुटुंबात ओढला जातो. देवाशी वैयक्तिक नाते जोडा, असे ख्रिस्ती उपदेशक आजही सांगतात. इथे ते काम भाषेनेच करून टाकले होते.

पण नाते आले की दुःखही येते. त्याच अहवालात ब्रेबफ लिहितो की ज्यांचे वडील वारले आहेत त्यांच्याकडून स्वर्गातल्या बापाची प्रार्थना म्हणवून घेणे अवघड जाते. लाडक्या मृत माणसाचा उल्लेख करणे हा त्या समाजात अपमान होता. नुकतीच आई गेलेल्या एका बाईला आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा ऐकवली, तेव्हा तिची बाप्तिस्म्याची इच्छाच जवळजवळ मावळली. त्या वर्षांत साथीमागून साथी येत होत्या. १६४० पर्यंत वेंडाटांपैकी निम्म्याच्या आसपास लोक गेले. मिशनरी मरणोन्मुख माणसांना बाप्तिस्मा देत, त्यामुळे बाप्तिस्म्यानेच माणूस मरतो असा संशय पसरला. ‘आमचा बाप’ हे शब्द ज्यांना शिकवले जात होते, त्या घरांतले बाप तेव्हा मरत होते. हे विसरून त्या भाषांतराचे नुसते कौतुक करता येत नाही.

ब्रेबफच्या आधी वीस वर्षे त्याच संघाचा थॉमस स्टीफन्स गोव्यात हेच कोडे मराठीत सोडवत होता. हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राचोल येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. लोकांच्या कानात बसलेली ओवी त्याने येशूच्या कथेसाठी घेतली.

मात्र मराठीत ख्रिस्ती प्रार्थनेला घरची हाक दिली ती नारायण वामन टिळकांनी. रत्नागिरी जिल्ह्यात १८६१ साली जन्मलेल्या टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची केवढी किंमत मोजावी लागली आणि नंतर त्या स्वतः त्याच वाटेने कशा गेल्या, हे तुम्ही ‘स्मृतिचित्रे’मध्ये वाचले असेल. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. त्यांच्या भजनांत ख्रिस्त आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी येतो. वारकऱ्याने विठ्ठलाला माउली म्हणावे, तसेच हे.

आपल्या भाषेतली एक सोय इथे लक्षात घ्या. जुन्या मराठी घरात वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत, आईला ‘तू’. देवालाही ‘तू’. भांडता येईल, रुसता येईल, काही मागता येईल, अशा माणसाला आपण ‘तू’ म्हणतो. फ्रेंच कॅथलिकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत देवाला आदरार्थी ‘वू’ होते. ‘त्यु’ आले ते १९६६ साली. इंग्रजीतले ‘दाऊ’ मुळात जवळिकीचे, पण रोजच्या बोलण्यातून गेल्यावर तेच दूरचे आणि भारदस्त वाटू लागले. येशूच्या तोंडी जो अरामी शब्द शुभवर्तमानात तसाच राहिला आहे, तो ‘अब्बा’ही घरातलाच. शब्द घरातून उठला की नातेही दिवाणखान्यात जाऊन बसते.

म्हणून परदेशातल्या मराठी घरांत, ती ख्रिस्ती असोत वा वारकरी, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. मुले पाठ केलेले मराठी शब्द म्हणतात आणि झोपताना खरे बोलणे इंग्रजीत करतात. त्यांना पाठांतर चुकले म्हणून टोकण्याआधी एवढे विचारून पाहा: भीती वाटली की तू देवाला काय म्हणून हाक मारतोस? मुलाच्या तोंडून जो शब्द येईल तीच त्याची प्रार्थनेची भाषा. मराठी तिथे असावी असे वाटत असेल, तर ती पाठांतराच्या आधी लाडाची, रागाची आणि समजुतीची भाषा म्हणून घरात असावी लागेल.

वेंडाट भाषा पुढे बोलण्यातून नाहीशी झाली. आज क्यूबेक शहराजवळच्या वेंडाके येथे त्या लोकांचे वंशज ती पुन्हा शिकत आहेत. त्यांचा एक मोठा आधार म्हणजे मिशनऱ्यांनी करून ठेवलेले शब्दकोश आणि हस्तलिखिते. देवाशी बोलायला शिकवण्यासाठी जे शब्द टिपून ठेवले होते, त्यांतून आज एक समाज आपल्या आजोबा-पणजोबांशी पुन्हा बोलू पाहतो आहे. आणि तिथेही ‘आजोबा’ म्हणताना ते कुणाचे, हे सांगावेच लागते.