कॉकपिटमधला माणूस

यंदाच्या आरासीसाठी १९७१ च्या युद्धाचा देखावा करायचे ठरले आणि मंडळाच्या मुलांनी सुखोई-७ विमानाचे मॉडेल करायला घेतले. प्लायवूडचा सांगाडा, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लांबी आणि चंदेरी रंग. पंख, शेपूट, नाकाचा शंकू, सगळे फोटोबरहुकूम. विमान तारेने टांगले तेव्हा आम्ही सगळे खूश होतो. तेवढ्यात आमच्यातल्या एका आजोबांनी मान वर करून विचारले, "हे उडतंय ना? मग चालवतंय कोण?"

कॉकपिट रिकामे होते. जमिनीवर उभ्या विमानात ते शोभले असते. चाके पोटात घेऊन उडणाऱ्या विमानात मात्र माणूस हवाच. त्या एका प्रश्नामुळे आम्हाला जे वाचावे आणि शोधावे लागले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

विमानांच्या मॉडेलांचे जगभर सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२. म्हणजे प्रत्यक्षातले सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच. सहा फुटी माणूस नेमका एक इंचाचा होतो. पण मॉडेलात माणूस नेहमीच असे, असे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलाने याच प्रमाणातली पाच लाख मॉडेले शाळकरी मुलांकडून करवून घेण्याची मोहीम काढली होती. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना आकारावरून ओळखता यावे म्हणून ती होती. ती काळ्या रंगाची असत आणि त्यांत वैमानिक नसे. विमान ओळखायला आकार पुरतो. इतिहास सांगायचा असेल तर आत कोण बसले होते, हेही सांगावे लागते.

आणि कोणताही वैमानिक कुठेही बसवून चालत नाही. हृषीकेश मुळगावकर दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ हवाई दलाचे प्रमुख होते. त्यांच्या तरुणपणीच्या हरिकेन-स्पिटफायरचा वैमानिक कातडी टोपी आणि गॉगल घालून आपल्या पॅराशूटवरच बसत असे. १९७१ च्या सुखोईत कडक हेल्मेट, काळी काच, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा आणि माणसाला विमानाबाहेर फेकणारे आसन. टोपी चुकली की पंचवीस वर्षे चुकली.

आमचे मॉडेल १:१२ प्रमाणाचे. सुमारे १७ मीटरचे विमान १४० सेंटिमीटरचे झाले. त्या हिशेबाने वैमानिक उभा राहिला तर १४ सेंटिमीटर आणि बसला तर जेमतेम आठ. बाजारातून आणलेली बाहुली बसवून पाहिली, तर तिचे डोके काचेबाहेर आले. मग आमच्यापैकी घरी शाडूची मूर्ती करणाऱ्या एका काकूंनी तारेच्या सांगाड्यावर वैमानिक घडवला. काकू म्हणाल्या, "मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. इथे तर डोळेच झाकलेले." म्हणून जीव आणायचा तो मानेत, खांद्यांत आणि हातांत. उजवा हात दांड्यावर, डावा इंजिनाच्या खटक्यावर, पाय पेडलवर. समोर बघणारी मान ठोकळ्यासारखी दिसत होती, ती काकूंनी जराशी डावीकडे वळवली. तेवढ्याने तो काहीतरी शोधू लागला.

आता प्रश्न नावाचा. मुलांचे म्हणणे, हे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात खांद्याला गोळी लागूनही त्यांनी विमान परत आणले होते. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई पडले आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सीमा काही मैलांवर राहिली. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. ते स्टेशन नकाशात होते, पण १९३२ मध्येच बंद पडलेले. तिथेच संशय आला आणि तिघे पकडले गेले. उधना–जळगाव गाडीच्या वेळेवर ज्यांचे सणवार ठरत आले, त्या आपल्या घरांना एका बंद स्टेशनाने केलेला हा घात विशेष लागतो. डिसेंबर १९७२ मध्ये परुळकर मायदेशी परतले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

काकूंनी दुसरे नाव सुचवले. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही सुखोई-७ चेच वैमानिक. ५ डिसेंबर १९७१ च्या मोहिमेवरून ते परतले नाहीत. त्या दिवसांत ढाक्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये त्यांचे नाव, किंचित चुकीच्या स्पेलिंगने, छापून आले होते. पण सुटून आलेल्या कैद्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुढची कित्येक दशके शोध चालू ठेवला. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, रिकाम्या हाताने.

मुलांनी फलकावर तांब्यांच्या नावापुढे 'हुतात्मा' लिहिले होते. आदरानेच लिहिले होते. पण ज्या घराने तो शब्द मान्य केला नाही, त्या घराच्या वतीने आपण तो लिहायचा का, यावर आरतीनंतर रात्री अकरापर्यंत बोलणे चालले. शेवटी मुलांनीच तो पुसून 'बेपत्ता' लिहिले. आम्हाला वाटते, या वर्षीच्या आरासीतले सर्वांत कठीण काम तेच होते.

फलकावर आता दोन्ही नावे आहेत, तारखांसह. आतला वैमानिक एकच आहे, काळी काच खाली ओढलेला. दर्शनाला याल तेव्हा लहान मुलांना जरा उचलून दाखवा. खालून तो दिसत नाही.