सूचीवेध, निद्रानाश व डॉ. कोटणीस

सुया टोंचून रोग बरे करण्याच्या चिनी विद्येसंबंधीं, म्हणजे ॲक्युपंक्चरसंबंधीं, आपल्याकडे दोन विधानें वारंवार केलीं जातात. पहिलें असें कीं, ही विद्या मूळची आपली असून सुश्रुताच्या सूचीवेधापासून ती चिनांत गेली. दुसरें असें कीं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनीं ती परत आणिली. शिर्डीस दूरदूरच्या यात्रेकरूंच्या मुखीं हीं दोन्ही आम्ही ऐकिलीं आहेत. त्यांची परीक्षा ग्रंथ व कालक्रम यांवरूनच झाली पाहिजे. कसोटीस आम्ही निद्रानाश हा एकच विकार घेतों.

सुश्रुतानें निद्रानाशाचा विचार शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायांत केला आहे. अभ्यंग, मस्तकावर तेल, अंग चेपणें, दूध, साळीचा भात, द्राक्षें, साखर व मृदु शय्या असे उपाय तेथें आहेत. सुईचें नांव नाहीं. चरकानें सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत दिलेले उपायही याच जातीचे आहेत. सूची ही सुश्रुताच्या वीस शस्त्रांपैकीं एक खरी, व ती शिवण्याबरोबर वेधनासही सांगितली आहे. भ्रमाचें मूळ या ‘वेध’ शब्दांतच दिसतें. परंतु त्या वेधाचा मुख्य हेतु दुष्ट रक्त किंवा सांचलेलें पाणी बाहेर काढणें हा आहे. शिवाय सुश्रुताचीं १०७ मर्में शस्त्रापासून जपावयाचीं. चिनी वैद्याचीं स्थानें मुद्दाम टोंचावयाचीं. दोहोंचा रोख परस्परविरुद्ध आहे.

उलटपक्षीं चिनाचा स्वतःचा लेखी पुरावा बोलका आहे. इ. स. १९७३ त मावांगदुइ येथें इ. स. पूर्व १६८ मध्यें बंद झालेल्या कबरींत रेशमावरील हस्तलिखितें सांपडलीं. त्यांत शरीरांतील अकरा वाहिन्या वर्णिल्या आहेत. पण त्यांवरील उपचार औषधी पाला जाळून डाग देण्याचा आहे, सुईचा नाहीं. पुढें ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथांत वाहिन्या बारा होतात व सुई येते. म्हणजे ही विद्या चिनांतच पायरीपायरीनें वाढली. त्या ग्रंथाच्या ‘लिंगशू’ या भागांत निद्रेची उपपत्ति अशी कीं, शरीराचें रक्षण करणारा प्राण दिवसा बाह्य मार्गानें व रात्रीं अंतर्मार्गानें फिरतो. त्यास आंत शिरतां आलें नाहीं म्हणजे झोंप येत नाहीं.

पुढील वैद्यांनीं नाडी व जिव्हा पाहून अनिद्रेचे भेद केले. मनगटावरील ‘शेनमेन’ हें स्थान बहुतेकांस. पण संतापी मनुष्यास पायाच्या अंगठ्याजवळील ‘शिंगजियान’, आणि ज्याचें मूत्रपिंडाचें बळ क्षीण मानलें त्यास घोट्यामागील ‘ताइशी’ यांची जोड देतात. चरकही अनिद्रेचीं कार्य, काल, विकार, प्रकृति व वायु अशीं पांच कारणें सांगतो. साम्य आहे तें येथें: रोगाच्या नांवापेक्षां रोग्याकडे पाहण्यांत. तेवढ्यावरून ऋण सिद्ध होत नाहीं. गुणाविषयींही सबुरी हवी. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेनें ३३ चांचण्या तपासून पुरावा पुरेसा भक्कम नसल्याचें नमूद केलें.

आतां दुसरें विधान. १९३८ सालीं चिनांत गेलेल्या पांच वैद्यांच्या पथकांत कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शस्त्रवैद्य, ९ डिसेंबर १९४२ रोजीं ते चिनांतच निवर्तले. जो परतलाच नाहीं त्यानें विद्या आणिली कशी? ती आणिली त्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसू यांनीं. चिनांत शिकून १९५९ त त्यांनीं कलकत्त्यास हे उपचार सुरू केले. कोटणिसांच्या स्मारक समितीनें चालविलेल्या केंद्रांमुळें त्यांचें नांव या विद्येस चिकटलें.

सुश्रुत काय किंवा कोटणीस काय, त्यांच्या कीर्तीस उसन्या भूषणांची गरज नाहीं. संग्राहकांस आमची विनंति एवढीच: जुन्या वैद्यकी बाडांत ‘सूचीवेध’ हा शब्द आढळल्यास तो मूळ हस्ताक्षरांत आहे कीं समासांत मागाहून घातलेला आहे, हें पाहून मगच त्यावर सिद्धांत रचावा.