रक्तरसाची साक्ष

यमुनेच्या पुरानंतर वजीराबादच्या जलकेंद्रात नजफगड नाल्याचे सांडपाणी शिरले आणि १९५५च्या डिसेंबरात दिल्लीवर काविळीची साथ कोसळली. सुमारे २९,३०० माणसे पिवळी पडली. गर्भवतींवर मृत्यूचा घाला अधिक क्रूर होता. दोष आला परिचित ‘अ’ काविळीवर. पण श्रोतेहो, ती तर त्या काळी येथे बहुतेकांना बालपणीच होऊन जाई, आणि एकदा भेटलेला शत्रू शरीर सहसा विसरत नाही. मग ही प्रौढ माणसे आजारी का पडावीत? जपून ठेवलेला रक्तरस खोर्शेद पावरी यांच्यासह पुण्याच्या व अमेरिकेच्या संशोधकांनी तपासला. त्यात ‘अ’विरुद्धची प्रतिपिंडे होती, पण जुनी! विषाणू निराळाच, हे १९८०मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याला ‘ई’ हे नाव मिळाले. गर्भवतीचे शरीर त्याच्यापुढे का हरते, हे कोडे पुरते सुटलेले नाही. चीनने २०११ साली लस मान्य केली. २०२२मध्ये दक्षिण सुदानात ती गर्भवतींनाही टोचण्यात आली.